बारावा दगड

शनिवारची शाळा साडेअकराला सुटते. बारा वाजेपर्यंत तिचा कलकलाटही फाटकाबाहेर पडतो, आणि मग मार्चचं ऊन खिडकीच्या गजांमधून आत येऊन प्रयोगशाळेच्या टेबलावर शिस्तीत पट्टे आखत बसतं. त्या पट्ट्यांमध्ये अकरा दगड मांडून शाल्मली ठोसर बसली आहे. डबा खाऊन झाला आहे, भाताने आपलं काम सुरू केलं आहे. पापणी मिटते, उघडते. आणि दर उघडण्यासरशी दगड किंचित पुढे सरकल्यासारखे वाटतात, जणू चौकशीला आलेले.

चौकशी व्हावी असं घडलंही आहे. सातवीच्या विज्ञानाच्या उजळणीसाठी तिने शोधखेळ ठरवला होता: वर्गात, व्हरांड्यात, विहिरीच्या कठड्यापाशी वस्तू लपवायच्या आणि चिठ्ठ्यांवरून मुलांनी त्या हुडकायच्या. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण शाळेच्या मुख्याध्यापिकेला शोभेल अशी अट घालून. सोमवारी खेळ फसला, तर मंगळवारपासून गाइडमधली उत्तरं फळ्यावर लिहायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची.

खेळाचा सारा भार मिठबावकर सरांच्या पेटीवर होता. सरांनी एकतीस वर्षं इथे विज्ञान शिकवलं आणि गेल्या दिवाळीत ते गेले. त्यानंतर सरांच्या पत्नीने, काकूंनी, ती पेटी स्वतः आणून शाल्मलीच्या हातात दिली, "सांभाळा हं" एवढंच म्हणून. आत बारा दगड, आणि प्रत्येकावर भाताच्या खळीने चिकटवलेला, नाव लिहिलेला कागदाचा चिटोरा. दगडांवरची धूळ शाल्मलीला बघवली नाही. बुधवारी तिने ते सगळे इनॅमलच्या ट्रेमध्ये पाण्यात भिजत घातले. गुरुवारी सकाळी पाहते तो चिटोऱ्यांचा लगदा झालेला, शाई पाण्यात उतरलेली, आणि दगड अकरा. बारावा कुणी नेला म्हणून शिपाई गवस यांच्यावर ती दोन दिवस मनातल्या मनात संशय घेते आहे, आणि त्याची भरपाई म्हणून त्यांच्याशी जरुरीपेक्षा गोड बोलते आहे.

तिचा डावा गाल टेबलावर टेकतो. लाकूड ऊबदार आहे.

"हजेरी घेतलीत?"

मिठबावकर सर स्टुलावर बसले आहेत. तोच अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशापाशी खडूचा डाग, हातात चंचुपात्र आणि चंचुपात्रात चहा. ते गेलेले आहेत याचं शाल्मलीला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं, की ते वेळेवर आले आहेत.

बाकांवर अकरा दगड बसले आहेत, मागच्या बाकावर थोडे जास्तच. सर हजेरीपट उघडतात आणि बेसॉल्टचं नाव घेतात. कुणी उठत नाही. गारगोटीचं घेतात, अभ्रकाचं घेतात. सगळे एकमेकांकडे पाहतात, नव्या शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलांसारखे, आणि मग सगळे मिळून शाल्मलीकडे पाहतात. सर चष्म्यावरून तिच्याकडे बघतात. परीक्षेला कॉपी पकडल्यावर ते असेच बघायचे; रागावून नव्हे, कुतूहलाने.

"यांना आंघोळ कुणी घातली गो?"

ती सांगायला तोंड उघडते, पण तोवर ती दोघं चिरेखाणीत आहेत. जांभ्याच्या लाल पायऱ्या खोल खोल उतरत जातात, त्यांच्या तळाशी प्रयोगशाळेचा नळ थेंब थेंब गळतो आहे, आणि सर एका चिऱ्यावर बसून तिने लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचताहेत. त्या चिठ्ठ्यांवर तिने चार संध्याकाळी घालवल्या आहेत. पदवी तिने रसायनशास्त्राची घेतली खरी, पण मन कायम मुक्तछंदाच्या बाकावर बसलं. म्हणून प्रत्येक चिठ्ठीत ओळ कमी आणि मोकळी जागा जास्त, अशी तिने योजना केली आहे.

सर पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचतात. "'मला माझं रूप नाही; ज्याच्या सहवासात जाईन, त्याचाच आकार घेतो.' हे काय?"

"द्रव, सर."

सर चहाचा घोट घेतात. सातवीची मुलं याचं उत्तर पर्यवेक्षक असं देतील, असं त्यांचं मत पडतं. आणि त्यांना हुडकून, हाताला धरून आणतीलही. मग ते दुसरी चिठ्ठी उलगडतात.

"'काळाच्या थरांखाली निजलेलं मौन.'"

"गाळाचा खडक," ती पुटपुटते.

"मला वाटलं, मी," सर म्हणतात. "आता मला शोधून आणायला पोरं कुठं जाणार? त्यांच्या आया काय म्हणतील?"

शाल्मलीला हसू येतं, आणि हसता हसता लक्षात येतं की आपण रडतो आहोत. त्या भरात ती सगळं सांगून टाकते. धूळ, ट्रे, लगदा, मोठ्या बाईंची अट, काकूंचा तो "सांभाळा". एकतीस वर्षांची नावं आपण एका रात्रीत पुसली, आता कोण कोणता हेच कळत नाही, मग सोमवारी मुलांना काय शोधायला सांगणार. सर ऐकून घेतात. मग चंचुपात्राच्या तळाशी उरलेला चहा चिऱ्यावर ओततात. जांभा तो पिऊन टाकतो.

"नावं तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी होती, बाई. साहेबांना दगड ओळखता येत नसत."

आठवड्याचा बाजार भरला आहे. गोणपाटावर भाजीऐवजी दगडांचे वाटे लावले आहेत, आणि सर वाट्यांमधून पिशवी घेऊन फिरताहेत. दुधी घेताना नख लावून बघता की नाही, असं ते विचारतात आणि एका पांढुरक्या दगडाला नख लावतात. त्यावर ओरखडा उठतो. शंखजिरे. दुसरा ते तराजूच्या काचेवर ओढतात. काचच कापली जाते आणि भाजीवाली त्यांना तोंडभर बोल लावते. गारगोटी. तिसऱ्यावर लिंबू पिळतात तर तो फसफसतो, ती चुनखडी. पाय घासायच्या दगडाला ते बादलीत सोडतात, तो निर्लज्जपणे तरंगतो. लाल दगड ते शाल्मलीपुढे धरतात.

"जीभ लावा."

"सर, लोक बघताहेत."

"बघू देत. बाजारात चव घेऊनच घेतात."

ती जीभ लावते. दगड जिभेला चिकटतो. सर सांगतात की त्याच्या पोटात भोकं आहेत आणि भोकं तहानलेली आहेत. जांभा असा पाहुण्यालाही सोडत नाही. भाजीवाली पदराआड हसते. शाल्मली जिभेला लोंबणारा दगड घेऊन उभी आहे, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला लिहावंसं वाटत नाही. पुढचा दगड हवासा वाटतो.

असे अकरा होतात. सर पिशवीत पाहतात.

"सैंधव कुठाय?"

दगड जिभेवरून गळून पडतो. पेटीतला तो गुलाबी, काचेसारखा, आवळ्याएवढा बारावा दगड. मिठाचा खडा. रसायनशास्त्राच्या पदवीधराने मिठाचा खडा रात्रभर पाण्यात भिजत घातला आणि सकाळी चोर शोधला.  बाजार बोलायचा थांबतो. वाट्यांमागे गवस उभे आहेत, ओशाळे, जणू चूक त्यांचीच.

"मी त्याला संपवलं, सर."

"ट्रेमधलं पाणी फेकलंत?"

"नाही. खिडकीत तसंच राहिलं. उन्हात."

 सरांच्या शर्टातून पलीकडची खिडकी दिसू लागली आहे.

"मग संपलं काय, बाई? विरघळलेलं जात नाही कुठं. नुसतं दिसायचं थांबतं. उन्हात ठेवायचं, आणि घाई करायची नाही."

एवढं बोलून ते खिडकीकडे चालू लागतात. बाजार नाही, खाण नाही. फक्त उन्हाचे पट्टे, आणि एकेका पट्ट्यापाशी त्यांचा थोडाथोडा भाग कमी होतो आहे. चंचुपात्र तेवढं शेवटपर्यंत दिसतं.

व्हरांड्यात गवस किल्ल्यांचा जुडगा वाजवताहेत. शाल्मली गाल उचलते. गालावर टेबलाची रेघ उमटली आहे. समोर अकरा दगड आहेत, पण आता ते अनोळखी नाहीत. ती चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढते, ओळींवर काट मारते आणि पाठच्या कोऱ्या बाजूला लिहिते: नख लावा. काचेवर ओढा. पाण्यात सोडा. धुऊन, जीभ लावा. मग सांगा मी कोण. अकरा चिठ्ठ्या होतात आणि बारावीपाशी पेन थांबतं.

ती उठून खिडकीशी जाते. ट्रेमधलं पाणी आटून गेलं आहे. तळाशी पांढरा, किंचित गुलाबी थर धरला आहे, आणि त्यात मोहरीएवढे चौकोनी कण उन्हात चमकताहेत. थराच्या मधोमध कुणीतरी अंगठा फिरवला आहे. स्वच्छ, ताजी रेघ.

शाल्मली आपला अंगठा त्या रेघेत ठेवून पाहते. रेघ तिच्या अंगठ्याहून रुंद आहे; दोन्ही बाजूंना जागा उरते.

दारातून गवस विचारतात, कुलूप लावू काय. ती म्हणते, पाच मिनिटं थांबा, आणि ट्रेला कुणाला हात लावू देऊ नका. मग टेबलापाशी येऊन बारावी चिठ्ठी लिहिते: 'एक दगड पेटीत नाही. तो हरवलेलाही नाही. शोधा.'