अंदमानात बसून काढलेलं आटपाडीचं घर

नव्वदच्या दशकात मी सांगलीत एका सिव्हिल इंजिनिअरकडे साइटवर देखरेख करायचो. ऑफिसात नकाशे काढायला एक ताई होती. माहेर कवठे महांकाळचं, साताऱ्याच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. तिची रेघ अशी स्वच्छ, की नकाशा पाहिला तरी घरात एक फेरी मारून आल्यासारखं वाटायचं.

तिचे यजमान लष्करात. त्यांची बदली अंदमानला झाली, पोर्ट ब्लेअरला, आणि कुटुंबासाठी क्वार्टरही मिळाली. आम्ही निरोपसमारंभाचं बोलत होतो, तोवर ही साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मी तिथून काम करते."

साहेब हसले. "अगं, मधे समुद्र आहे!"

"टपाल जातंय की समुद्रावरनं. ड्रॉइंगचा बोर्ड मी घेऊन चाललेय. मापं ह्यांनी पाठवायची, नकाशे मी पाठवीन."

'ह्यांनी' म्हणजे मी. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझाही विश्वास नव्हता. बेटावर लोक फिरायला जातात, तिथं बसून सांगलीची नोकरी कोण करतं? पण तिला नाही म्हणायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं.

पहिला नकाशा आला तो बघवेना. ट्रेसिंग पेपरला लाटा आलेल्या, शाई पसरलेली, कोपऱ्यावर बुरशीचे ठिपके. साहेब म्हणाले, "झालं. दुसरं माणूस बघायला लागणार."

पुढं तिचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हवाच ओली आहे हो इथली. चपलासुद्धा पांढऱ्या पडतात. साहेबांना म्हणावं, एवढा एक परत बघा."

दुसरा नकाशा प्लॅस्टिक पाइपच्या तुकड्यात घालून आला, दोन्ही तोंडांना टोप्या बसवलेल्या. आत कागद कोरडा करकरीत. तिनं शेजारणींकडून युक्ती काढली होती. तिकडच्या बायका कपाटात बारका बल्ब सतत पेटता ठेवत, कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून. हिनं कपडे बाहेर काढले आणि कपाट कागदांना दिलं. तिकडं उजाडतंही फार लवकर. आम्ही ऑफिसचं शटर वर करायचो तेव्हा तिचं निम्मं काम उरकलेलं असायचं. साहेबांनी दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा काढला नाही.

दुष्काळी भागातल्या आटपाडीचं काम आलं ते अशातच. घरमालक फौजेत, उत्तरेकडं कुठंतरी, आणि घर बांधून घेणारी त्याची बायको. ताईनं धाडलेला नकाशा मी तिला दाखवला. तिनं एकेका खोलीवरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "चांगलाच हाय की." पण चेहरा तसं म्हणत नव्हता. मी फोनवर हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यांच्याशीच बोलू द्या."

ठरल्या वेळी आम्ही आटपाडीच्या एसटीडी बूथवर गेलो. बाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि एवढ्या लांबवर ऐकू जावं म्हणून ओरडूनच बोलायला लागली.

"न्हाई वो ताई, नकाशा ब्येस हाय... आता इचारताय म्हणून सांगते. सैपाकघर मावळतीला नगं. आताच्या घरात तसंच हाय. सांजच्या भाकरी करस्तोवर लय भाजून निघतोय जीव." मग थोडं ऐकून घेतलं आणि आवाज एकदम खाली आला. "व्हय? तुमचं मालक बी मिल्ट्रीत? मग तुमाला काय सांगायचं..."

मी बाहेर येऊन उभा राहिलो. पुढचं बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

नवा नकाशा आला त्यात स्वयंपाकघर उगवतीला गेलं होतं, पुढं खोल पडवी. मावळतीच्या अंगाला कोठी आणि न्हाणी, म्हणजे ऊन तिथंच अडणार. साहेबांनी तो टेबलावर पसरला, चष्मा काढून पुन्हा लावला आणि म्हणाले, "असंच बांधा. काही बदलू नका."

यजमानांची अंदमानची मुदत संपली आणि ताई सांगलीला परतली. एका रविवारी मी तिला आटपाडीला घेऊन गेलो. बाई दारातच होती.

"तुमीच व्हय त्या फोनवरच्या?" म्हणत तिनं ताईचा हात धरला आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. उन्हाचा कडाका होता, पण आत गारवा होता. ताईनं भिंतीवर तळवा टेकवला, खिडकीतून पडवीत डोकावली. जे घर तिनं कागदावर उभं केलं होतं, त्यात ती पहिल्यांदाच उभी होती.

ताकाचे पेले हातात देत बाईनं विचारलं, "तिकडं चहूकडनं पानीच म्हणं?"

"चहूकडनं."

"ग्वाड?"

"नाही हो, खारट."

"मग काय उपेग?" बाई म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या, की ताईच्या पेल्यातलं ताक हिंदकळून नव्या फरशीवर सांडलं.