दादानं बांधलेला फेटा

पिकत घातलेल्या केळीचा वास आला की मला अर्धापूरची ती पत्र्याची शेड आठवते. स्नायू झिजवणाऱ्या आजारावर मी पीएचडी केली, त्या प्रबंधाला तरुण संशोधकांसाठीचं बक्षीस मिळालं, म्हणून गावानं तिथं माझा सत्कार ठेवला होता. केळीचे घड बाजूला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या आणि पुढंच चाकाच्या खुर्चीत माझा थोरला भाऊ, आमचा दादा, बसला होता. तोच आजार त्याला होता. एके काळी गावातल्या नवरदेवांचे फेटे तोच बांधायचा. एका म्हाताऱ्या काकांनी मला विचारलं, "मग औषध निघालं का, बाई?" मी म्हणाले, "अजून न्हाई, काका." फेटा बांधायला सरपंच उठले, तेव्हा मी म्हणाले, "दादा बांधेल." दादा खाली बघत म्हणाला, "माझे हात कुठं वर जाऊन राहिले आता?" त्याचे खांदे गेले होते, पण बोटं शाबूत होती, एवढं तरी मला अभ्यासानं कळलं होतं. मी त्याच्या पायाशी पाठमोरी बसले आणि त्याची कोपरं माझ्या खांद्यांवर टेकवून घेतली. सरपंचांनी कापड धरलं, दादानं सावकाश एकेक पेच बसवला. मध्येच पुटपुटला, "मान हलवू नको, नवरदेव बरे तुझ्यापेक्षा." आता त्याच्या बोटांतही जोर राहिला नाही. तो फेटा मी कधी सोडलाच नाही. डोक्यावरून जसा उतरवला, तसाच कपाटात ठेवलाय.