उताऱ्यावरचा तिसरा प्रश्न

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील ऊसतोड मजुरांच्या संघटनेत होते. वाटून उरलेले गठ्ठे घरात पत्र्याच्या पेटीवर पडून असत. 'बेमुदत', 'पिळवणूक', 'ठिय्या' हे शब्द मला कुणी समजावून दिले नाहीत. पत्रकात एखादा शब्द अडलाच, तर पुढचं वाक्य त्याचा अर्थ ओरडून सांगायचं. म्हणून धाकट्या बहिणीची निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी घेताना मी तिला तेच शिकवलं. शब्द येत नसेल तर घाबरायचं नाही. मागचं वाक्य वाचायचं, पुढचं वाचायचं, मग एकेक पर्याय त्या जागी बसवून बघायचा.

ही परीक्षा पाचवीत एकदाच देता येते. माय आणि वडील दिवाळीनंतर तोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. त्या वर्षी मी बारावी होऊन घरी बसले होते, म्हणून बहीण माझ्यापाशी गावात राहिली. पुढच्या वर्षी मी बीडच्या अध्यापक विद्यालयात जाणार होते आणि घराला कुलूप लागणार होतं. तिची निवड झाली तर तिला वसतिगृह मिळणार. नाही झाली तर उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत बसून तान्ह्या भावाला सांभाळायचं. हे तिलाही ठाऊक होतं.

"आक्का, मागचं बी कळलं न्हाई आन फुडचं बी कळलं न्हाई, तर?"

"तर सगळा उतारा पुन्हा वाच."

"आन तवर बाईनं पेपर वढून घेतला तर?"

"तर बाईला चाव."

परीक्षेच्या दिवशी आम्ही जीपने मांजरसुंब्याला आणि तिथून बसने केंद्रावर गेलो. दोन तास मी फाटकाबाहेर उभी होते. ती बाहेर आली ती उड्या मारतच.

"लई सोपा गेला! उताऱ्यावरचा तिसरा प्रश्न तेवढा अडलता. पन तू सांगितल्यावानी केलं."

उतारा तिने चार वेळा वाचला होता, त्यामुळे तिला जवळजवळ पाठच होता. तिथेच, फाटकापाशी, तिने म्हणून दाखवला: दिवाळी सरली. शेतातली कामे उरकली. गावात माणसांची रेलचेल झाली. पारावर गप्पा रंगू लागल्या. प्रश्न होता, रेलचेल म्हणजे काय?

"मग काय लिहिलंस?"

"उणीव."

माझा चेहरा तिने पाहिला नसावा. ती बोटं मोजत समजावू लागली. "मागलं बघ. दिवाळी सरली. दिवाळी सरली की तोडीला टोळ्या जात्यात. कामं उरकली, मंग तर समदेच जात्यात. मंजी गावात मानसं कमी."

"आणि पारावरच्या गप्पा?"

"म्हातारे असत्यात की! त्येंला दुसरं काय काम हाय?" ती हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "बरोबर हाय न?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपून गेली. मी तिचं उत्तर पुन्हा पुन्हा तपासत होते. मी शिकवलेली एकही पायरी तिने चुकवली नव्हती. तिने बघितलेलं गाव आमचं होतं, एवढंच.

उन्हाळ्यात यादी लागली. तिचा नंबर नव्हता. मी फुलस्केपची दोन्ही पानं भरून हरकतीचा अर्ज लिहिला. हा प्रश्न म्हणजे दिवाळीनंतर गाव सोडावं लागणाऱ्या प्रत्येक मुलावरचा अन्याय आहे, असं त्यात होतं. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"अगं, रेलचेल म्हणजे रेलचेलच. आपलं गाव रिकामं होतं म्हणून शब्दाचा अर्थ बदलायचा का? आणि तिचं एकाच प्रश्नानं गेलं, हे कशावरून?"

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. यादीत गुण नसतात. किती प्रश्नांनी गेलं, हे मला कधीच कळणार नाही. अर्ज मी पुढे पाठवला. उत्तर आलं नाही. मला जाळत होतं ते वेगळंच. पत्रकं आमच्यासाठी लिहिलेली होती, म्हणून त्यांचा अर्थ आमच्या जगण्यातून लागायचा. परीक्षेचा उतारा दुसऱ्या कुणाचं गाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो, हे शिकवणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं होतं. शिकवणारी मी होते.

दिवाळी झाली. सुट्टी संपवून मी बीडला परतणार होते. टोळी निघायच्या आदल्या दिवशी मी मायला म्हणाले, "मी राहते घरी. हिला नेऊ नका."

"आन तुजं वरीस?"

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हनं! एक तरी शिकंल म्हनून हाडं झिजवायलोत आमी. बस तू बी घरी, मंग दोघी बी कोयता घ्या हातात."

मी पुन्हा म्हणाले नाही. हे लिहिणं टाळता आलं असतं तर टाळलं असतं. माय ओरडली तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर उभा होता. गाठोडी, भांडी, शेळी, सगळं ट्रॉलीत चढत होतं. बहीण गोधड्यांच्या ढिगावर बसली होती. मी खाली उभी राहिले.

"आक्का, ते उणीव चूक हुतं न?"

"कुणी सांगितलं?"

"गुर्जीनी. मीच इचारलं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू तवा खोटं बोललीस."

"हो."

"मंग मी काय बघायला पायजे हुतं? मागचं बघितलं, फुडचं बघितलं. आजून काय बघायचं असतंय? सांग की."

ड्रायव्हरने ट्रॅक्टर सुरू केला. मायने वर चढून भावाला तिच्या मांडीवर दिलं. तो रडू लागला, तशी बहीण खाली वाकून त्याचं टोपरं बांधायला लागली. मी ट्रॉलीच्या फळीला धरून चार पावलं चालले. मग वडील म्हणाले, "हात काढ, लागंल," आणि मी हात काढला.