भेगेवरचा कागद

हे मी कुणाला सांगणार नव्हतो. पण आता चहाच्या हॉटेलात सगळेच सांगतात, आणि जो तो वाढवून सांगतो. म्हटलं, फजिती माझी आहे, तर मीच सांगतो. चहा घ्या अन् ऐका.

आम्ही किल्लारीचे. भूकंपानंतर जे नवं गाव वसलं, तिथं आमचं घर. माझा थोरला भाऊ त्या पहाटे दगडमातीच्या भिंतीखाली गेला. तेव्हापासून भिंतीवर माझा विश्वास नाही. मग ती सिमेंटची का असेना.

औंदा अवकाळी वादळ आलं. शेळीच्या शेडचे पत्रे उडून शेजारच्या उसात जाऊन पडले. घराच्या स्लॅबवर पाणी तुंबलं, ते सगळं मागच्या खोलीची भिंत पिऊन बसली. बघता बघता काळी बुरशी. गोधड्यांना वास. कपाटामागं तर भिंतीला दाढीच फुटली होती!

शेड उघडी पडली म्हणून शेळी त्याच खोलीत बांधली. तिला पाला टाकायला गेलो तर काय? भिंतीला भेग. कमरेएवढ्या उंचीवर, आडवी.

भूकंप पाहिलेल्या माणसाला भेग दिसली की जेवण जात नाही. आमच्याकडं भेगेवर कागदाची पट्टी चिकटवतात. पट्टी शाबूत राहिली तर भिंत जागेवर आहे. फाटली तर भिंत सरकतेय.

मी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी त्या खळीलाच बुरशी! मग डोकं चालवलं. लोणच्याला बुरशी का धरत नाही? मिठामुळं. नव्या खळीत मूठभर मीठ टाकलं आणि पट्टी बदलली.

सकाळी पट्टी मधोमध फाटलेली. खालचा तुकडा गायब!

पुन्हा लावली. पुन्हा फाटली.

पोरगा माझा जीप चालवतो. तो म्हणाला, "अण्णा, नुसतं प्लास्टर फुगलंय. ओल वाळली की बसतंय."

"तवा तू पाळण्यात व्हतास. मला नको शिकवू."

शेडवर ताडपत्री टाकायला लावली आणि घरातली सगळी माणसं, तान्ह्या नातीसकट, तिकडं हलवली. माझं गणित सरळ होतं. ताडपत्रीचा बांबू पडला तर टेंगूळ येतं, भिंत पडली तर माणूस जातं. शेडमध्ये जागा आमच्यापुरतीच, म्हणून शेळी घरातच राहिली. बायको कुरकुरली, मुका जीव आत ठेवता व्हय म्हणून. मी म्हटलं, शेळी दुसरी आणता येते, नात न्हाई येत.

आम्ही बाहेर पडलो हे बघून शेजारच्या बाबूनंही आपल्या भिंतीला पट्टी लावली. त्याची काही फाटेना. मी त्याला म्हटलं, तुझी खळ कच्ची असंल, मग भिंत सरकली तरी पट्टी फाटायची न्हाई. तो घाबरला. त्यानंही बाज अंगणात काढली. त्याची बघून पुढच्यानं काढली. अर्धी गल्ली उघड्यावर आली, माझ्या एका शब्दावर!

इकडं ताडपत्री गळायची. डास लई. नात तान्ही, सर्दीनं तिचं नाक चोंदलं, दूध पिईना. शेवटी सुनेनं पिशवी भरली.

"मामा, भिंत राखा न्हाईतर पाडा. मी लेकराला घेऊन माहेरी औशाला चालले."

घर जाणार आणि नातही जाणार. मी म्हटलं, आज शेवटची पट्टी. फाटली तर भिंत पाडू. पट्टी लावली, बाहेर येऊन दगडावर बसलो.

सून लेकराची झबली आणायला आत गेली. जरा वेळानं तिनं हाक मारली. आवाज अगदी शांत.

"मामा, इकडं या. तुमचा भूकंप बघा."

शेळी मान उंचावून खारी खळ चाटत होती. मजेत! पट्टीचा अर्धा तुकडा तिच्या तोंडातून लोंबत होता.

मी पुढं झालो आणि भिंतीवर तळहात टेकवला. ओली होती, गार होती, काळी होती. पण जागची हलली नव्हती. बराच वेळ मी हात काढला नाही. पोरानं प्लास्टर खरवडलं, आतली वीट न् वीट धड. त्या दुपारी नात पुढच्या खोलीत घोरत झोपली. सुनेनं पिशवी रिकामी केली. एवढं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण बायको कुठली सोडते?

"भूकंपाच्या आधी जनावरं दावी तोडत व्हती, म्हणून गावाला सांगत फिरता तुम्ही. ही तर आत निवांत रवंथ करत व्हती. आधी तिला इचारायचं व्हतं."

हे बाबूनं ऐकलं. संपलंच मग!

आता पाऊस पडून कुणाच्या भिंतीला भेग गेली की लोक अजूनही माझ्याच दारात येतात. मला आत बसा म्हणतात, आणि शेळी सोडून घेऊन जातात.