कुंभकोणात थंडी नसते

कुंभकोणात थंडी नसते, असं ठासून सांगणाऱ्यांनी मार्गळी महिन्यातली, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली, एक पहाट नागलक्ष्मीच्या मागच्या खोलीत काढून दाखवावी. भिंतींना पावसाची ओल, कावेरीवरून येणारा वारा आणि खाटेवर दम्याने वाकलेले तिचे यजमान, त्यागराज. डॉक्टरला विचारावं, तर म्हणे, "वय झालं, अम्मा." जणू वय फटीतून आत शिरतं.

नागलक्ष्मीने एकतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अटेंडरची नोकरी केलेली. असल्या उत्तराने तिचं समाधान व्हायचं नाही. आणि मुलाला, विघ्नेशला, तर थंडीच पटत नव्हती. तो फोनवर हसला.

"मोबाइल एकवीस डिग्री दाखवतोय, अम्मा. याला कोण थंडी म्हणतं?"

"मोबाइलला दमा नाही रे."

"मग अप्पांना माझ्याकडे होसूरला आणतो. शनिवारी गाडी घेऊन येतो. ते घर आता त्यांच्या सोयीचं राहिलं नाही."

होसूरला. जिथे जानेवारीत माणसं कानटोपी घालून जेवतात. आणि घर सोयीचं राहिलं नाही ते कुणामुळे? अप्पा अडखळतील म्हणून खोलीचा लाकडी उंबरा यानेच उखडला, एसी बसवला, सरकत्या खिडक्या लावल्या. त्यागराजांनी तेव्हा सगळं करू दिलं. आता मात्र हळूच म्हणाले, "मला इथून हलवू देऊ नकोस गं." चाळीस वर्षांत या माणसाने तिच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने उदबत्ती पेटवली, ती देवापुढे नव्हे. धूर कुठे वाकतो ते बघत ती भिंतीभिंतीने फिरली. खिडकीच्या चौकटीशी तो डुलला, दाराखाली आडवा झाला, आणि एसीच्या नळीपाशी थेट तिच्या तोंडावर आला. नळी दोन बोटं जाड, भोक नारळाएवढं. मिस्त्रीने वर प्लास्टिकची चकती चिकटवून लाज झाकलेली.

तोंडात आलेली शिवी तिने गिळली. त्यागराज जागे होते. भोकात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबून वर पुट्टी लिंपली. चौकटीला रबराची पट्टी लावली. उरलेल्या लुगड्याची लांब पिशवी शिवून त्यात भाताचं तूस भरलं आणि ती दाराच्या फटीला लावली. खाट बाहेरच्या भिंतीपासून ओढून आतल्या भिंतीला आणली. वरचा झरोका तेवढा उघडा ठेवला. दमेकऱ्याला कोंडून कसं चालेल?

शनिवारी त्यागराज सात वाजेपर्यंत झोपले. दुपारी विघ्नेश आला. गाडीच्या मागच्या सीटवर अप्पांसाठी नवी गादी अंथरून आणलेली.

"हे सगळं तात्पुरतं आहे, अम्मा," तुसाची पिशवी पायाने सरकवत तो म्हणाला.

"पाय काढ. तुझ्या मिस्त्रीच्या कामापेक्षा जास्त टिकेल."

"मिस्त्रीने भोक ठेवलं, मला काय माहीत?"

"बापाला दमा आहे हे तरी माहीत होतं ना? एकदा भिंतीला हात लावून बघायचं होतंस."

तो बापाकडे वळला. "अप्पा, तुम्हीच सांगा. निघायचं ना?"

त्यागराजांनी कॉफीचा घोट घेतला. "काल मी झोपलो रे. किती दिवसांनी. आता कशाला निघू?"

विघ्नेश रविवारी फुगलेल्या तोंडाने एकटाच परत गेला. ती गादी मात्र नागलक्ष्मीने उतरवून घेतली. थंड भिंतीला उभी करायला बरी होती.