झाडामागचा कारागीर

फिलिमोने माझा मेव्हणा. चाळीस वर्षं आमच्या शेजारी राहतो, पण आमच्या घराचा उंबरा त्याने एकदाही ओलांडलेला नाही. भांडण नाही. माझी बायको वेइसिनिया त्याची थोरली बहीण, आणि आम्हा टोंगाच्या लोकांत मोठा झालेला भाऊ बहिणीच्या छपराखाली बसत नाही, तिच्या कानावर जाईल अशी थट्टा करत नाही, तिच्या वस्तूला हात लावत नाही. बोटींची इंजिनं, रेडिओ, घड्याळं, सगळं त्याच्या हातून सुरू होतं. आमचं शिलाई मशीन तेवढं नाही.

मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी नेमकं तेच अडलं. सुई वरखाली होई, टाका पडेना. नातीचा, कालेसिताचा, पांढरा झगा अर्धाच झालेला. उद्या तिला चर्चमध्ये सगळ्यांपुढे बायबलच्या ओळी म्हणायच्या होत्या, आणि रविवारी आमच्याकडे सुईला कुणी शिवत नाही. जे काय ते आजच.

"अहो, बघत काय बसलाय? त्याला विचारा," वेइसिनिया म्हणाली.

फिलिमोने अंगणात विलायती फणसाखाली जाळं सांधत होता. दारापासून दहा पावलांवर. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, तरी प्रत्येक वाक्य माझ्याकडूनच जायचं.

"दाजी, सुई उलटी तर बसली नाही ना, विचारा."

मी आत गेलो.

"त्याला म्हणावं, तो नागडा फिरत होता तेव्हापासून मी सुया बसवतेय."

मी बाहेर आलो. "सुई बरोबर आहे म्हणते."

फिलिमोनेने कमरेचं वस्त्र नीट सावरलं. "दोरा?"

"तीनदा ओवला."

"तेल कोणतं घातलं?"

इथे मात्र मी आत गेलो नाही. गुरुवारी तेलाची कुपी रिकामी दिसली, तेव्हा वेइसिनियाच्या फणीशेजारची बाटली मीच ओतली होती. फुलं घालून मुरवलेलं खोबरेल, बायका नाचाच्या वेळी अंगाला लावतात ते. त्या दुपारी मशीन काय सुरेख फिरलं होतं. पण मे म्हणजे आमच्याकडे थंडीची सुरुवात, आणि काल रात्रीपासून दक्षिणेचा गार वारा सुटला होता.

"नेहमीचंच," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बॉबिनची डबी आणा."

मी ती बशीत घालून नेली. हात न लावता तो वाकला आणि त्याने वास घेतला. डबीत पांढरं, तुपासारखं गोठलेलं होतं.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "मशीन नाचायला निघालं होतं का?"

आतून वेइसिनिया फसकन हसली. फिलिमोनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो जाळ्यात तोंड खुपसून बसला.

"अहो," ती आतून म्हणाली, "त्याला म्हणावं, मला काही ऐकू आलं नाही. आणि तुमच्याशी मी नंतर बोलते."

मी दोन्ही निरोप पोचवले. दुसरा मलाच होता, हे मागाहून लक्षात आलं.

"उन्हात ठेवा," फिलिमोने जाळ्यातूनच म्हणाला. "वितळलं की रॉकेलने पुसून काढा."

मी मशीन उचलून अंगणात आणलं. तासाभराने पुसून झालं, तशी वेइसिनिया झगा घेऊन बाहेर आली. मग फिलिमोनेला उठावं लागलं. तो झाडाला वळसा घालून खोडाच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून बसला.

चाक फिरलं. खट्खट् सुरू झाली.

"वरचा दोरा जरा सैल करायला सांगा," झाडामागून आवाज आला. त्याने काही पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तिने तो सैल केला होता.

"विचारा, आता?" वेइसिनिया म्हणाली.

"आता बरोबर."

उन्हं कलायच्या आत झगा झाला. वेइसिनियाने दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि नाकाशी धरला. "वास जायला हवा," असं म्हणून तो खोडाच्या पलीकडच्या, फिलिमोनेच्या बाजूच्या फांदीला अडकवून आली.

"तिकडे सावली आहे," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली.