मामाजींच्या घराचं व्याज

सरकारनं आपल्याकडून थोडा जास्त कर घेतलाच पाहिजे, यासाठी इन्कमटॅक्सच्या साहेबाशी हुज्जत घालणारा माणूस उभ्या देशात एकच होऊन गेला असावा, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. पुलगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. आम्ही दोघंही त्यांना मामाजी म्हणत असू. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, आणि चेहऱ्यावर समोरचा माणूस आत्ता काहीतरी चुकीचं बोलणार आहे असा कायमचा अंदाज. मी तेव्हा वर्ध्याला शाळामास्तर होतो. पुलगाव गाडीनं जवळ असल्यामुळे मामाजी वरचेवर आमच्याकडे येत. आले की माझी बायको आधी घरातल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत की नाही ते पाही, आणि मग दार उघडी.

कारण मामाजींचा सारा धर्म एका वाक्यात मावत असे: जी वस्तू ज्या कामासाठी, ती त्याच कामाला. चहाच्या कपात ते कधी पाणी प्यायले नाहीत. पूजेच्या खोलीतला कंदील कितीही अंधार पडला तरी स्वयंपाकघरात येत नसे. त्याला देवापाशी बसवलं आहे, तो तिथेच बसणार. त्यांच्याकडे दोन छत्र्या होत्या, एक उन्हाची आणि एक पावसाची. एका आषाढात ते आमच्या दारात ओलेचिंब होऊन उभे राहिले. काखेत छत्री होती, कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, "मामाजी, अहो, छत्री उघडायची ना!" तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "जवाईबापू, हे उन्हाची हाये. घरून निघालो तवा ऊन होतं. पावसाची घरी राह्यली, त्याले ही काय करन?" बायकोनं घाईघाईनं पंचा पुढे केला, तेव्हा तो डोक्याचा आहे की पायांचा याची चौकशी करून मगच त्यांनी तो हातात घेतला.

दुकान आणि घर यांच्यामध्ये तर त्यांनी अशी काही भिंत घातली होती की खुद्द मामींनाही ती ओलांडता येत नसे. मामी म्हणजे त्यांची बायको: ठेंगणी, हसरी आणि अतिशय चतुर. घरात एखादा गंज, म्हणजे पातेलं, फुटकं झालं, तर दुकानातून दुसरा उचलून आणायची सोय नव्हती. मामींनी लुगडं बदलून, पिशवी घेऊन, रस्त्याच्या बाजूनं दुकानाची पायरी चढायची. मामाजी गादीवरून अगदी परक्या आवाजात विचारायचे, "काय दाखवू बाई?" मग मामी भांडी वाजवून बघायच्या, नाक मुरडायच्या, भाव पाडून मागायच्या. मामाजी एक पैसा सोडत नसत. एकदा मामी म्हणाल्या, "मागच्या गल्लीत याहून सस्ता भेटते." मामाजी म्हणाले, "मंग तिकडंच जा न बाई, आमी काय धरून ठेवलं का?" मामी खरंच गेल्या आणि मागच्या गल्लीतल्या दुकानदाराकडून गंज घेऊन आल्या. दुसरा कोणी असता तर घरात दोन दिवस चूल पेटली नसती. मामाजी मात्र आल्यागेल्याला कौतुकानं सांगत सुटले, "याले म्हनते गिऱ्हाईक! फसत नाई!"

त्यांच्यासोबत आम्ही एकदा केळझरच्या गणपतीला गेलो होतो. देवळाच्या पायऱ्यांवर सेलूकडचा एक ओळखीचा गृहस्थ भेटला. मुलीचं लग्न ठरलं होतं. संसाराची सगळी भांडी, रुखवताची वेगळी, जेवणावळीची वेगळी, असं तो बोटांवर मोजून सांगू लागला. मामींचे डोळे चमकले. मामाजींनी त्याला कोपरापासून हात जोडले आणि म्हणाले, "भाऊ, मी आज देवाले आलो. दुकान पुलगावले हाये. उद्या येजा." तो उद्याही आला नाही आणि परवाही आला नाही. परतीच्या मोटारीत मामी खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, आणि मामाजी मात्र दर्शन अगदी निवांत झालं म्हणून प्रसन्न होते.

अशा माणसावर एके वर्षी मामींच्या खोकल्यानं घाला घातला. आधी सगळ्यांना तो साधाच वाटला. मग ताप येऊ लागला, लुगडी अंगावर ढगळ दिसू लागली, आणि नागपूरच्या डॉक्टरनं छातीचं नाव घेतलं. त्या काळात हे नाव घेतलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघणं टाळत. दूर डोंगरावरच्या क्षयाच्या दवाखान्यात वर्षभर तरी ठेवावं लागेल, नवीन निघालेली इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि ती फार महाग आहेत, असं डॉक्टर म्हणाला. मामाजींची सगळी पुंजी दुकानातल्या मालात अडकलेली. मागे उरलं राहतं घर. ते घर मामींनी स्वतःच्या पाटल्या मोडून उभं करायला लावलं होतं. मागच्या बाजूला दोघं राहत, आणि पुढच्या दोन खोल्यांमध्ये लष्कराच्या डेपोतल्या एका कारकुनाचं बिऱ्हाड भाड्यानं होतं. त्या घराच्या विटेलाही कोणी हात लावलेला मामींना खपत नसे. आपल्या औषधासाठी ते गहाण पडतंय असं कळलं असतं तर त्या दवाखान्याची पायरीच चढल्या नसत्या.

मामाजींनी गुपचूप नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे घर गहाण टाकलं, रीतसर नोंदणी करून, आणि मामींना सांगितलं की दुकानात पैसा भरपूर येऊन राह्यला, लगनसराई जोरात हाये. माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात ते बोललेले हे एकमेव खोटं. मामींनी ऐकून घेतलं. ट्रंक भरली आणि निघाल्या.

त्या वर्षात मामाजी निम्मे झाले. दुकान बंद ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे, म्हणून दुकानाला सुट्टी असेल तेवढ्याच दिवशी रात्रीच्या पॅसेंजरनं ते दवाखान्यात जात, हातात संत्र्यांची करंडी घेऊन. एकदा मी सोबत गेलो होतो. व्हरांड्यातल्या खाटेवर मामी बसलेल्या, आणि मामाजी त्यांना घराची खबर सांगत होते: तुळशीला पाणी घालतो, मागच्या परछीच्या छपरावरचं फुटकं कवेलू बदललं, तुझ्या कपाला कोनी हात लावत नाई. स्वतःविषयी एक अक्षर नाही, तिच्या दुखण्याविषयी एक अक्षर नाही. निघताना मात्र बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "जवाईबापू, तुमी शिकलेले हा. मले सांगा, रंग कसा वाटला तिचा?" मी म्हटलं, चांगला वाटला. त्यावर गाडी येईपर्यंत ते फलाटावर येरझारा घालत राहिले, आणि मधूनच थांबून स्वतःशीच म्हणत, "चांगला वाटला म्हने."

मामी बऱ्या झाल्या. अंगानं भरून, गालावर लाली घेऊन परत आल्या. आणि त्याच सुमारास इन्कमटॅक्सचं बोलावणं आलं. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. मामाजींना वाटलं, नव्या राज्याचं काहीतरी नवीन निघालं असेल. मी त्यांना माझ्या एका वकील मित्राकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, घाबरायचं काही नाही. दुकानाचं उत्पन्न आहे, घरभाड्याचं आहे. पण घर गहाण असल्यामुळे त्या कर्जाचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं. कर बराच कमी बसेल. त्यानं तसा कागद तयार केला, आणि मामाजींनी काही न बोलता सही केली. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना पटलं आहे, असं मी समजलो. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, तरी.

तारखेच्या दिवशी मामीही सोबत आल्या होत्या, भाचीला भेटायला म्हणून. ऑफिसात आम्ही साहेबाच्या टेबलासमोर बसलो आणि मामी दाराशी बाकावर. साहेब पुण्याकडचा, तरुण आणि सभ्य होता. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "ठीक आहे. गहाणाचं व्याज वजा धरतो."

"साहेब, थे खोडा," मामाजी म्हणाले.

वकिलानं टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. मामाजींनी आपला पाय बाजूला घेतला.

"का? व्याज भरत नाही का तुम्ही?"

"भरतो न. पन कर्ज घरासाठी नाई काढलं. घरासाठी नाई काढलं, तर त्याचं व्याज घराच्या नावानं काऊन लिहू?"

"अहो, कर्ज कशासाठी काढलं हे कायदा विचारत नाही. घर गहाण आहे ना, मग झालं."

"कायदा नाई इचारत साहेब, मी इचारतो."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. "इथे येणारा प्रत्येक माणूस नसलेला खर्च दाखवायला येतो. असलेला खर्च नको म्हणणारे तुम्ही पहिलेच. बरं, मग कशासाठी काढलं होतं कर्ज? दुकानासाठी?"

"दुकानाचा काय संबंध?"

"मग?"

मामाजींनी दाराकडे बघितलं. आवाज अगदी खाली गेला. "थे माह्यं माह्यापाशी राहू द्या साहेब. टॅक्स किती होते थे सांगा, भरतो."

तेवढ्यात बाकावरून मामी उठल्या. पदर नीट केला आणि सरळ टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, कर्ज माह्या छातीच्या बिमारीसाठी काढलं," त्या म्हणाल्या, आणि मामाजींकडे बोट केलं. "यायले वाटते, मले मालूम नाई."

मामाजी खुर्चीतून अर्धवट उठले. "तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच सांगतलं. लगनसराई जोरात हाये म्हने. भादव्यात कोनाची लग्नं होऊन राह्यलती?"

वकील मित्र खोकल्याच्या निमित्तानं तोंडावर रुमाल धरून बसला. मामाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या महिन्यांत, त्या खाटेवर, त्या संत्र्यांच्या करंड्यांपाशी, मामींनी एकदाही हा विषय काढला नव्हता. घर शाबूत आहे असं मामी समजत आहेत, असं मामाजी समजत होते. आणि मामाजींना तसं समजू देणं हेच आपलं पथ्य आहे, असं मामी समजत होत्या.

मामी साहेबाला म्हणाल्या, "साहेब, मी काई शिकली नाई. पन मले सांगा, मी तिकडंच मेली असती तर हे मानूस त्या घरात राह्यलं असतं का? कुलूप लावून दुकानात झोपलं असतं. मंग त्याले घर म्हनलं असतं का कोनी? कर्ज घर वाचवाले काढलं. घरासाठीच झालं न थे?"

 साहेबानं मामाजींकडे बघितलं. मामाजी खूप वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांच्या डोक्यात कुठली भांडी कुठल्या फळीवर ठेवली जात होती, देव जाणे. शेवटी टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली आणि म्हणाले, "लिहा साहेब. घरासाठीच."

बाहेर आल्यावर बराच वेळ ते आमच्या चार पावलं पुढे चालत होते. मग एकाएकी थांबून मामींना म्हणाले, "आता हे जे पैसे वाचले, थे घराचे झाले. दुसरीकडं खर्च नाई होनार." मामी म्हणाल्या, "नोका करू. पन आत्ताच साहेबापुढं घर कोन ठरलं?" वर्ध्याच्या बाजारात त्या संध्याकाळी मामींनी हिरवं, लाल काठाचं लुगडं घेतलं. मामाजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. घासाघीस मामींनीच केली. मी त्यांना पोचवायला पुलगावपर्यंत गेलो. गाडीत मामाजी पुन्हा पुन्हा त्या पुडक्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, तोवर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी वस्तू नेमकी कशाच्या खात्यात बसते याची फिकीर वाटत नव्हती.

कर्ज फिटायला पुढे बरीच वर्षं लागली. पण फिटलं. आणि ते फिटल्यानंतर फार काळ न लावता, एका दुपारी गादीवर बसल्या बसल्या, मामाजी गेले. आम्ही पुलगावला गेलो तेव्हा मामी माझ्या बायकोला एक गोष्ट सांगत होत्या. दवाखान्यातून परत आल्यापासून रोज दिवेलागणीला मामाजी त्यांच्याजवळ येऊन बसत आणि म्हणत, "जरा खोकून दाखव." मामी खोकून दाखवत. मामाजी डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत, बोटानं वाजवलेलं भांडं ऐकावं तसं. मग म्हणत, "खनखनीत हाये," आणि उठून जात. एक दिवसही चुकला नाही. ज्या दिवशी गहाणाचा कागद सुटून आला, त्या दिवशी त्यांनी दोनदा खोकायला लावलं होतं.

मामी आता एकट्याच राहतात. पुढच्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलं आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोन दिवस त्यांच्याकडे होतो. संध्याकाळी त्यांनी देवापाशी दिवा लावला, हात जोडले, आणि ओट्यावर येऊन बसल्या. मग हळूच एकदा खोकल्या. माझी बायको पाणी आणायला उठू लागली, तर त्यांनी हातानंच तिला बस म्हणून सांगितलं, आणि मान किंचित तिरपी करून थोडा वेळ तशाच थांबल्या.